‘साभार : गूगल’ लिहिलं की झालं का? फोटो आणि कॉपीराइटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की फोटो, चित्रं वापरण्याबद्दल काही शंका असेल तर कळवा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअप असे भरपूर प्रश्न आले. दिवाळी अंक, स्मरणिका, कॅलेंडरं यांची कामं सगळीकडे सुरू आहेत म्हणूनही असेल. सगळे छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून फक्त गाव ठेवलंय. उत्तरं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहेत, एक अमेरिकेतला प्रश्न सोडून. आणि वकिलाची नोटीस वगैरे आली असेल तर ती नेऊन वकिलालाच दाखवा, या पानावर भागवू नका.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाची स्मरणिका मी गेली काही वर्षं बघतो. गणपतीचे, देवळांचे, वारीचे फोटो इंटरनेटवरून घेतो आणि खाली न चुकता ‘फोटो साभार : गूगल’ लिहितो. आमचं मंडळ काही नफ्यासाठी चालत नाही. एवढं पुरेसं आहे ना? (सांगली)

नाही, पुरेसं नाही. स्पष्टच सांगते, कारण ही ओळ आपल्याकडे इतकी पसरलीय की लोकांना मनापासून वाटतं की ती लिहिली म्हणजे आपण प्रामाणिकपणे वागलो. गूगल फोटो काढत नाही, तो फक्त दाखवतो की अमुक फोटो अमुक साइटवर आहे. नाक्यावरच्या पानवाल्याने पत्ता सांगितला म्हणून घर त्याचं होत नाही, तसंच हे. फोटो कुणीतरी काढलाय, त्याचं नाव वेगळं आहे आणि ते नाव तुमच्या ओळीत कुठेच आलेलं नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात वेळोवेळी बदल झाले, शेवटचा मोठा बदल २०१२ मध्ये. त्या कायद्यात फोटो हा कलाकृतीमध्ये मोडतो, आणि तो कलेच्या दृष्टीने चांगला आहे की सुमार याने काही फरक पडत नाही. म्हणजे नामवंत फोटोग्राफरने काढलेला वारीचा फोटो आणि तुमच्या भाच्याने मोबाईलवर काढलेला आरतीचा फोटो, दोन्हींना सारखंच संरक्षण. फोटो निघाला की हक्क आपोआप तयार होतो, त्यासाठी रजिस्ट्रेशन लागत नाही, कोपऱ्यात गोलातला सी लागत नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असं लिहावं लागत नाही. कुठेच काही लिहिलेलं नाही म्हणजे फुकट आहे असं आपण धरतो, खरं तर काहीच लिहिलेलं नसेल तेव्हा परवानगी नाही असंच धरायचं असतं. फोटो परदेशातल्या माणसाचा असला तरी तेच, कारण कॉपीराइटच्या बर्न करारात भारत १९२८ पासून आहे.

आता नफ्याचं. कायद्यातल्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत : स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यास-संशोधनासाठी, परीक्षण किंवा टीका करताना, चालू घडामोडींची बातमी देताना, अशा कामांसाठी रास्त प्रमाणात वापर चालतो. पण मंडळ धर्मादाय आहे म्हणून कुणाचाही फोटो छापा, अशी सवलत त्यात नाही. आणि स्मरणिकेत पानोपानी जाहिराती असतात, त्याचे पैसे मंडळ घेतं, तेव्हा आमचं काम नफ्याचं नाही हा मुद्दा तसाही फार टिकत नाही. बऱ्याच जणांनी असंही लिहिलंय की देवाचा फोटो आहे, देव सगळ्यांचा. देव सगळ्यांचाच आहे हो, पण मिरवणुकीत आठ-दहा तास गर्दीत उभं राहून, गुलालात कॅमेरा सांभाळत ज्याने तो फोटो मिळवला त्याची मेहनत सगळ्यांची नाही.

तुमच्यापुढचा सोपा मार्ग तुमच्या मंडळातच आहे. जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी अल्बम असतील, आत्ताची पोरं तर दिवसभर फोटो काढत असतात. ग्रुपवर एक मेसेज टाका की स्मरणिकेसाठी फोटो द्या, फोटोखाली तुमचं नाव छापू. बघा किती येतात. शिवाय ते तुमच्याच गणपतीचे असतील, दुसऱ्याच कुठल्या गावच्या देवळाचे नाही.

प्रश्न : परवानगी मागायची म्हणजे नेमकं काय लिहायचं? मोठे फोटोग्राफर उत्तर देतात का? मी एका महिला मंडळाचं हस्तलिखित आणि आता छापील वार्षिक काढते. (ठाणे)

देतात. सगळे नाही, पण विचारणारेच इतके कमी असतात की विचारलं याचंच कित्येकांना बरं वाटतं. काही जण फुकट देतात, काही थोडे पैसे सांगतात, काही नाही म्हणतात, आणि नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे, तेव्हा वाद न घालता दुसरा फोटो शोधायचा. फक्त एक लक्षात ठेवा, ‘तुमचा फोटो वापरू का?’ एवढंच विचारून भागत नाही, कारण समोरच्याला कळतच नाही तो कशाला हो म्हणतोय. असं काहीतरी लिहा :

‘नमस्कार, मी ठाण्याहून अमुक महिला मंडळाच्या वार्षिकाची संपादक. तुम्ही १४ जुलैला टाकलेला भातलावणीचा फोटो (लिंक सोबत दिलीय) आम्हाला आमच्या अंकात आतल्या पानावर, रंगीत, अर्ध्या पानाएवढा छापायचाय. ५०० प्रती निघतील, अंकाची किंमत १०० रुपये. हाच अंक पीडीएफ करून सभासदांना पाठवणार आहोत. फोटो कापणार नाही, त्यावर अक्षरं टाकणार नाही. खाली तुमचं नाव कसं छापायचं ते सांगाल का? मानधन असेल तर तेही कळवा. अंकाची एक प्रत तुम्हाला पाठवू.’

बघा, यात कुठला फोटो, कुठे, किती प्रती, कागदावर का ऑनलाइन, बदल करणार का, नाव कसं, पैसे किती, सगळं आलं. उत्तर लेखीच घ्या, फोनवर ‘हो हो वापरा’ म्हटलं असेल तर नंतर एक मेसेज टाकून ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ असं म्हणत सगळं परत लिहा आणि त्यावर त्यांचा होकार घ्या. कायद्यात परवाना लेखी हवा असं आहे, पण २०१२ पासून त्यावर सहीच हवी ही अट राहिलेली नाही, त्यामुळे मेल किंवा मेसेजवरचा स्पष्ट होकार कामाला येतो. तो मेसेज जपून ठेवा, फोन बदलला की गेला असं नको.

आणि हो, जेवढं विचारलं तेवढंच वापरायचं. अंकासाठी घेतलेला फोटो पुढच्या वर्षी कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर टाकायचा असेल तर परत विचारा.

प्रश्न : मी घरून थालीपीठ, पुरणपोळी, मोदक असे पदार्थ ऑर्डरप्रमाणे करून देते. मेन्यू कार्डवर इंटरनेटवरचे छान फोटो टाकलेत. कुणी काही बोललं नाहीये अजून, पण मैत्रीण म्हणाली काढून टाक. (नाशिक)

मैत्रिणीचं ऐका. हा सरळ सरळ धंद्याचा वापर आहे, त्याला कुठलीच सवलत लागू होत नाही. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक तो मोदक बघून ऑर्डर देणार आणि तुमच्या मोदकाच्या कळ्या वेगळ्या असणार, कदाचित जास्त सुबक असतील, पण वेगळ्या असणार. खिडकीशी सकाळच्या उजेडात, मागे साधं कापड किंवा केळीचं पान ठेवून मोबाईलने काढा, फ्लॅश बंद. एका दिवसात सगळा मेन्यू होईल आणि ते फोटो पूर्ण तुमचे.

सजावटीसाठी बाकी काही लागलं तर अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या साइट आहेत, तिथले फोटो धंद्यासाठी पण फुकट वापरता येतात, नाव देणं बंधनकारक नाही, दिलं तर चांगलं. मात्र तिथला फोटो आहे तसाच विकायला काढायचा नाही, आणि फोटोत ओळखू येईल असा माणूस असेल तर तो तुमच्या मालाची शिफारस करतोय असं दाखवायचं नाही. डाऊनलोड करताना त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण फोटो नंतर साइटवरून जाऊ शकतो आणि मग तुम्ही कुठून घेतला हे दाखवायला काही राहत नाही.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगला आहे, मित्रांसोबत किल्ल्यांच्या इतिहासावर यूट्यूब चॅनल सुरू करतोय. विकिमीडिया कॉमन्सवर किल्ल्यांचे खूप फोटो आहेत, ते फ्री आहेत असं ऐकलं. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कॉपीराइट नसतोच का? (पुणे)

असतो. हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये फोटो काढणारा कॉपीराइट स्वतःकडे ठेवतो आणि आधीच जाहीर करून टाकतो की या अटी पाळा आणि वापरा, मला विचारायची गरज नाही. त्या अटी दोन-दोन अक्षरांत लिहिलेल्या असतात. ‘बाय’ म्हणजे माझं नाव द्या. ‘एसए’ म्हणजे माझ्या फोटोत बदल करून नवीन काही बनवलंत तर तेही याच अटींवर इतरांना खुलं ठेवा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नाही. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती लोकांपुढे आणायची नाही, क्रॉप करून, रंग बदलून वगैरे काही नाही. यांच्या जोड्या लागून सहा लायसन्स होतात, आणि शिवाय सीसी (म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) झिरो, ज्यात काढणाऱ्याने सगळेच हक्क सोडून दिलेले असतात.

तुझ्या चॅनलवर आज ना उद्या जाहिराती येतील, म्हणजे एनसी असलेला फोटो आत्ताच बाजूला ठेव. विकिमीडिया कॉमन्सवर त्या बाबतीत निश्चिंत राहा, कारण ते एनसी आणि एनडी असलेल्या फाइली घेतच नाहीत. पण नाव द्यावंच लागतं, आणि ‘फोटो : विकिपीडिया’ हे नाव नाही, ती साइट झाली. प्रत्येक फोटोच्या पानावर लेखक आणि लायसन्स लिहिलेलं असतं. व्हिडिओत फोटो दिसतो तेव्हा कोपऱ्यात छोटं नाव टाक आणि खाली डिस्क्रिप्शनमध्ये पूर्ण ओळ दे, साधारण अशी : ‘राजगड, संजीवनी माची. छायाचित्र : (वापरकर्त्याचं नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत.’ सोबत फोटोची आणि लायसन्सची लिंक. बदल केला असेल तर तो सांगायचा, म्हणून शेवटचे शब्द. डिस्क्रिप्शनमध्ये दहा ओळी वाढतात याचा कंटाळा येतो हे मला माहितीये, पण ज्या माणसाने पावसात गड चढून तो फोटो सगळ्या जगाला फुकट दिला त्याने मागितलं काय तर फक्त नाव, तेवढं तरी आपण द्यायला हवं.

नाव द्यायचं राहून गेलं आणि नंतर कुणी दाखवून दिलं, तर ४.० आवृत्तीत एक चांगली सोय आहे, कळल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली तर लायसन्स आपोआप परत लागू होतं. जुन्या आवृत्त्यांमध्ये ही सोय नाही, म्हणून आकडा ४.० आहे का ३.० ते बघत जा.

गूगलच्या इमेज सर्चमध्ये पण टूल्सवर गेलास की वापराचे हक्क असा एक पर्याय आहे, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येतं. पण तो फिल्टर फक्त शोधायला मदत करतो, फोटोच्या मूळ पानावर जाऊन लायसन्स डोळ्याने वाचल्याशिवाय घेऊ नकोस, कारण दुसऱ्याचा फोटो उचलून आपला म्हणून टाकणारे लोक असतातच. शंका आली तर गूगल लेन्स किंवा टिनआय वर तोच फोटो टाकून शोध, आधी कुठे आला होता ते बऱ्याचदा सापडतं.

तुम्ही स्वतः किल्ल्यांवर जाऊन फोटो काढलेत तर उत्तमच. इमारतीचा, किंवा सार्वजनिक जागी कायमचा उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट कायदा आडवा येत नाही, तशी स्पष्ट सवलत आहे. आणि काढलेत की त्यातले चार कॉमन्सवर पण टाका, कमी माहितीतल्या गडांचे धड फोटो तिथे अजूनही हवे आहेत.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर राजा रविवर्म्याचं ते हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र टाकायचंय. रविवर्मा जाऊन शंभर वर्षं झाली म्हणजे ते फ्री असणार, बरोबर? (कोल्हापूर)

थांबा, छपाईला देऊ नका! ते चित्र रविवर्म्याचं नाही. हातात समई धरलेली, चेहऱ्यावर ज्योतीचा उजेड पडलेली ती बाई सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी रंगवलीय, जलरंगात, आणि मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. इंटरनेटवर ते इतक्या ठिकाणी रविवर्म्याच्या नावाने फिरतं की खरा चित्रकार मराठी असून मराठी माणसालाच माहीत नसतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता मुदतीचा हिशेब. चित्रकाराच्या हयातीत आणि तो गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच सगळ्यांची झाली. चित्रकार धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचीही मोकळी. हळदणकर गेले १९६८ मध्ये, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबावं लागेल किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना विचारावं लागेल. दिवाळी अंकवाल्यांचे लाडके दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, त्यांचं २०३१ संपेपर्यंत. जुन्या अंकांची मुखपृष्ठं स्कॅन करून शुभेच्छापत्रं छापणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्या.

विचारायचं कुणाला, तर साधारणपणे वारसांना, किंवा चित्रकाराने लेखी हक्क दिले असतील त्यांना. ज्याच्या भिंतीवर चित्र टांगलंय त्याच्याकडे कॉपीराइट असतोच असं नाही, चित्र विकत घेतलं म्हणजे कॅनव्हास घेतला, छापायचा हक्क वेगळा.

जुन्या फोटोंचं गणित थोडं वेगळं आहे. २०१२ पर्यंत फोटोची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती, त्यामुळे १९५१ पर्यंत छापून आलेल्या फोटोंची मुदत तेव्हाच संपलेली होती आणि ती नंतरच्या बदलाने परत सुरू झाली नाही. स्वातंत्र्य चळवळीतले, त्या काळी वर्तमानपत्रांत छापलेले फोटो त्यामुळे वापरता येतात. कधीच न छापलेला, कुणाच्या घरच्या अल्बममधला असेल तर मात्र घरच्यांना विचारा.

सरकारी फोटोंबद्दल पण दोघा-तिघांनी विचारलंय. नासाचे फोटो साधारणपणे मोकळे असतात कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कामाला तिथे कॉपीराइट नाही. आपल्याकडे तसं नाही, आपल्या सरकारच्या कामाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं कॉपीराइट आहे, म्हणून त्या त्या साइटवरची कॉपीराइट धोरणाची ओळ वाचायची.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने न विचारता स्वतःच्या इन्स्टाग्रामवर आणि दुकानाच्या फ्लेक्सवर लावलेत. म्हणतो, फोटो मी काढले, कॉपीराइट माझा. (सातारा)

इथे तो चुकतोय. सर्वसाधारण नियम काढणाऱ्याचाच हक्क असा आहे, पण कायद्यात अपवाद आहे : पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढले असतील, आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक ज्याने काढून घेतले तो. म्हणजे तुम्ही. आधी तुम्ही सही केलेला कागद किंवा बुकिंगची पावती काढून मागची बारीक अक्षरं वाचा, तिथे ‘फोटो जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील’ असं छापलेलं असेल तर प्रश्न अवघड होतो. तसं काही नसेल तर त्याला लेखी कळवा, फ्लेक्स उतरवायला सांगा. आणि कॉपीराइट बाजूला ठेवला तरी बहिणीचा चेहरा दुकानाच्या जाहिरातीत तिला न विचारता लावणं बरोबर नाहीच, तो तिच्या खासगीपणाचा प्रश्न आहे.

फोटोग्राफर मंडळींनाही सांगते, तुमचं नाव मात्र तुमचंच राहतं. हक्क दुसऱ्याकडे गेले तरी हे मी केलंय म्हणण्याचा, आणि काम विद्रूप केलं तर हरकत घेण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे कलाकाराकडे असतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं होतं, ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाख रुपये भरपाई. तर ग्राहकाने फोटोखाली तुमचं नाव द्यावं ही मागणी तुम्ही हक्काने करा, आणि कामाचे नमुने दाखवायचे असतील तर बुकिंगच्या वेळीच एक ओळ लिहून घ्या. बहुतेक लोक हो म्हणतात, लपवून केलं की मग भांडण होतं.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाने पाडव्याच्या कार्यक्रमाच्या फ्लायरवर एक गुढीचा फोटो वापरला होता. दोन वर्षांनी एका एजन्सीचा मेल आलाय, पैसे भरा म्हणून. फ्लायर लगेच काढला. आता दुर्लक्ष करू का? (न्यू जर्सी)

दुर्लक्ष नको आणि घाईने पैसेही नकोत. अमेरिकेत कॉपीराइट वेळेत रजिस्टर केलेला असेल तर नुकसान सिद्ध न करताही कोर्ट एका कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर देऊ शकतं, मुद्दाम केलं असेल तर दीड लाखापर्यंत, म्हणून तिकडच्या एजन्सी अशी पत्रं पाठवतात. फोटो काढून टाकला ते चांगलं केलंत, पण आधीचा वापर त्याने पुसला जात नाही. मेल खरा आहे का ते तपासा, फोटो त्यांचाच कशावरून, रजिस्ट्रेशन कधीचं, याचे पुरावे मागा आणि उत्तर द्यायच्या आधी तिथल्या वकिलाला दाखवा. मागितलेली रक्कम बोलणी करून पुष्कळदा कमी होते. ‘फेअर यूज’ (तिकडची रास्त वापराची सवलत) म्हणून सुटू असं मनात धरू नका, कार्यक्रमाच्या जाहिरातीत सजावट म्हणून वापरलेल्या फोटोला ते फार क्वचित लागू होईल.

प्रश्न : एआयने चित्र बनवून घेतलं तर ही सगळी कटकटच नाही ना? (छत्रपती संभाजीनगर)

आहे थोडी. बनून आलेलं चित्र कुणाच्या खऱ्या चित्राशी फार मिळतंजुळतं निघालं तर प्रश्न तोच राहतो, आणि प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे, आवाज एआयने बनवून वापरण्याविरुद्ध कोर्टांनी मनाई केलेली आहे, अनिल कपूरच्या बाजूने दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये आणि अरिजित सिंगच्या बाजूने मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये. हयात असलेल्या चित्रकाराचं नाव टाकून ‘त्यांच्यासारखं काढ’ असं तर सांगूच नका, त्यापेक्षा त्यांनाच काम द्या. आणि वापरलंत तर खाली ‘एआयने तयार केलेलं चित्र’ असं लिहा.

प्रश्न : मी पक्ष्यांचे फोटो काढतो, हौस म्हणून. माझा धनेशाचा फोटो एका रिसॉर्टच्या फ्लेक्सवर आणि त्यांच्या कॅलेंडरवर दिसला, माझं नाव होतं तेवढा कोपरा कापून. मी फोन केला तर म्हणाले, ‘अहो तुमचीच जाहिरात झाली की.’ खूप राग आलाय, पण कोर्टाचं झेपणार नाही. (चिपळूण)

राग येणारच, आणि तो बरोबर आहे. धनेशाच्या ढोलीसमोर लपून ताटकळत बसल्यावर मिळणारा फोटो तो, आणि नाव कापून वर म्हणायचं तुमचीच जाहिरात. कुठलं नाव तिथे आहे म्हणून जाहिरात?

आधी पुरावा गोळा करा, फोन नंतर. कॅमेऱ्यातली मूळ फाइल, शक्य असेल तर रॉ (कॅमेऱ्याने साठवलेली कच्ची फाइल), त्यात तारीख, कॅमेरा, लेन्स सगळं असतं, आणि त्याच वेळचे आधीचे-नंतरचे फोटो, ते चोराकडे असूच शकत नाहीत. फ्लेक्सचा फोटो काढा, जागा कळेल असा. कॅलेंडरची एक प्रत मिळवा, पैसे देऊन घेतलीत तर पावती ठेवा. त्यांच्या पेजवर असेल तर स्क्रीनशॉट, वर पत्ता आणि तारीख दिसेल असा. हे सगळं झाल्यावरच लेखी पत्र, रजिस्टर पोस्टाने आणि मेलनेही, की फोटो माझा आहे, परवानगी घेतलेली नाही, फ्लेक्स उतरवा, कॅलेंडर वाटणं थांबवा आणि आत्तापर्यंतच्या वापराचे इतके पैसे द्या. रक्कम स्वतः सांगा, त्यांच्यावर सोडू नका. असा फोटो तुम्ही रीतसर विकला असता तर काय घेतलं असतंत, तिथून सुरुवात करा.

नाव कापलंय हा मुद्दा पत्रात ठळक लिहा. कलाकृतीवरची हक्कांची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा २०१२ पासून वेगळा गुन्हा आहे, कलम ६५ ब, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि माहीत असून कॉपीराइट मोडल्याबद्दल कलम ६३ आहेच, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार घेता येते. भरपाईचा दावा करायचा झाला तर तो तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, रिसॉर्टवाला कुठलाही असो. ही कलमं पत्रात नुसती लिहिली तरी समोरच्याचा सूर पुष्कळदा बदलतो, तेव्हा झेपणार नाही म्हणून आत्ताच सोडून देऊ नका.

फोटो ऑनलाइन असेल तर त्या वेबसाइटकडे लेखी तक्रार करा. आपल्या नियमांप्रमाणे त्यांना तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत तो दिसणं बंद करावं लागतं, मात्र २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश दिला नाहीत तर ते परत दाखवू शकतात. फेसबुक, इन्स्टाग्रामचे स्वतःचे कॉपीराइट फॉर्म आहेत, पुष्कळदा त्यानेच काम होतं. आणि पुढच्यासाठी, तुमचे जे चार-पाच फोटो सगळ्यात जास्त फिरतात त्यांचं रजिस्ट्रेशन करून ठेवा. बंधन नाही, पण कोर्टात प्रमाणपत्र हा सरळ पुरावा धरतात, आणि कलाकृतीची फी ५०० रुपये आहे, मालावर वापरायची असेल तर २०००. अर्ज ऑनलाइन होतो.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गात दाखवायला प्राण्यांचे, नद्यांचे फोटो इंटरनेटवरून घेते, मुलांच्या प्रकल्पातही तेच असतात. आता हे सगळं वाचून भीतीच वाटायला लागलीये. (लातूर)

तुम्ही अजिबात घाबरू नका. शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेला वापर, प्रश्नपत्रिकेतला सुद्धा, कायद्याने चालतो. वर्गात खुशाल दाखवा, मुलांना चिकटवू द्या. फक्त तेच फोटो घालून वर्कशीटचं पुस्तक काढून विकणार असाल, तर वर ठाण्याच्या ताईंना दिलाय तो मेसेज तुम्हालाही लागेल.